सातव्या महिन्यातला रजेचा अर्ज

बायकोच्या बाळंतपणाच्या रजेचा अर्ज मी लिहिला, आणि तो इतका बिनचूक लिहिला की त्याच दिवशी मंजूर झाला. आमच्या घरातलं पुढचं सगळं दुखणं त्या मंजुरीपासून सुरू झालं.

सडक अर्जुनीतल्या एका शाळेत मी लिपिक आहे. अठरा वर्षं लोकांच्या रजा, बदल्या, वेतनवाढी यांच्या कागदांवर शिक्के मारतो आहे. गावात कोणाचं काही अडलं की म्हणतात, 'मेश्रामबाबूकडून अर्ज लिहून घे.' माणसाला एखादी गोष्ट येते असं चारचौघं म्हणू लागले की त्या गोष्टीतली त्याची अक्कल जाते, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याच वर्षी मी पहिल्यांदा बाप झालो.

माझी बायको सुजाता नर्स आहे. आमच्यापासून बारा किलोमीटरवर, जंगलाच्या कडेच्या आरोग्य केंद्रात ती सात वर्षांपासून काम करते. काम सरकारचं, पण नेमणुकीचा कागद एका कंत्राटी एजन्सीचा. गावोगाव लसीकरणाला जायचं, गरोदर बायांची वजनं घ्यायची, आणि प्रत्येकीला सांगायचं, 'सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नाही.' हे वाक्य ती झोपेतही म्हणते. मी ऐकलं आहे.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरून न्यायचं आणि आठवा लागायच्या आत पोचवायचं, कारण आठव्यात बाईनं प्रवास करू नये. सुजाताचं माहेर सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या बाजूला. म्हणजे रजाही सातवा सरतानाच सुरू व्हायला पाहिजे, असं मी ठरवलं.

"अजी, मी नववा लागेपर्यंत ड्युटी करू शकते," सुजाता म्हणाली. "सुट्टी मले नंतर लागंल. आता नाही."

"आठ आठवडे आधी घेता येतात. नियमात आहे. हक्काची गोष्ट सोडायची कायले?"

"अन् नंतर कमी पडली तर?"

"नंतरची नंतर वाढवून घेऊ. अर्ज मी लिहीन ना."

माझी माय आतून ओरडली, "आठव्यात पोरीले गाडीत बसवत नाहीत, इतकं मले समजते. तुमचे नियम तुमच्यापाशी ठेवा!"

रीत आणि नियम असे एका बाजूला क्वचितच येतात. त्या दिवशी आले, आणि बायको एकटी पडली.

एजन्सीच्या माणसानं अर्ज वाचलासुद्धा नाही, सही केली. अठरा वर्षांत मी एवढं तरी शिकायला हवं होतं की जो अर्ज पहिल्याच दिवशी मंजूर होतो, त्यात देणाऱ्याचं भलं असतं.

आठ आठवडे सुजाता माहेरी बसली. धडधाकट बाई, रोज दहा गावं पालथी घालायची सवय. फोनवर म्हणायची, "मी खुडूक कोंबडीसारखी बसून राहिली इथं." त्यात मैत्रीनं, म्हणजे आमच्या लेकीनं, यायला अकरा दिवस उशीर केला. तेही दिवस रजेतूनच गेले. एकूण रजा सव्वीस आठवड्यांची. सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. बाळ झाल्यावर घेतली असती तर सुजाताचं ते झोपेतलं वाक्य तिच्या स्वतःच्या लेकीला पुरलं असतं. आता उरले तीन महिने आणि तीन आठवडे. हे गणित मी नामकरणाच्या दिवशी, लोक जेवत असताना, मनात केलं आणि कोणाला सांगितलं नाही.

रजा वाढवायचा अर्ज मी केला. दीड पान. एजन्सीतून फोन आला, "बाबूजी, हमारे यहां बढ़ाने का हिसाब नहीं है. मैडम नहीं आ सकतीं तो बता दीजिए, लिस्ट में और लड़कियां हैं."

नोकरी सोड, असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. कधीतरी कायम होऊ, या आशेवर तिनं सात वर्षं काढली होती. आशेला बाळंतपणाची रजा नसते.

बाटली

ऑगस्टमध्ये सुजाता हजर झाली. सकाळी साडेआठला निघायची आणि संध्याकाळी साडेसहाला परतायची. पहिले काही दिवस ती लवकर उठून दूध काढून वाटीत झाकून ठेवायची. ते अकरापर्यंत संपायचं. उरलेला दिवस आ वासून उभा.

"केंद्रात काढता येत नाही का?" मी विचारलं.

"कुठं काढू? इंजेक्शनच्या खोलीले दार आहे, कडी नाही. औषधाच्या खोलीले कुलूप आहे, त्याची किल्ली दुसऱ्यापाशी. अन् संडासात मी काढणार नाही. लेकराले पाजायचं आहे ते."

मग गवळ्याकडून गाईचं दूध सुरू झालं. त्यात माय अर्धं पाणी घालायची. तिच्या सासूनं घातलं, तिनं माझ्या वेळी घातलं. "निखळ दूध जड जाते लेकराले," म्हणायची. सुजातानं दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मायनं हो म्हटलं आणि पाणी घातलं.

बाटली उकळायचं खातं माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी मी बाटलीचं रबरी बूच गॅसवर उकळत ठेवलं आणि मुख्याध्यापकांचा फोन घेतला. रबर पातेल्याच्या बुडाला चिकटलं. घरात टायर जळल्याचा वास. दुसऱ्या दिवसापासून मी शहाणा झालो आणि बाटली नुसती गरम पाण्यानं विसळू लागलो. गरम म्हणजे माझ्या बोटाला सोसेल इतकं. म्हणजे जंतूलाही सोसेल इतकं. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला वाटायचं, मी किती मदत करतो.

मैत्री दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी बाटलीला सरावली. मग संध्याकाळी वेगळाच तमाशा. सुजाता आली की धावत हातपाय धुऊन तिला घ्यायची. मैत्री दोन घोट ओढायची, मान वळवायची आणि बाटली शोधायची. बाटलीतलं आपोआप येतं, आईचं ओढावं लागतं. पोरगी बापावर गेली होती, कष्टाचं काम नको.

एकदा जेवताना सुजातानं सांगितलं, "आज एका गावात एक बाई मले विचारते, 'तुमची लेक किती महिन्याची जी?' म्हटलं, चार. म्हणे, 'मंग दिवसभर ते काय पेते?'"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, चला लवकर, वजन करा, मागे लाईन लागली."

हिवताप

सप्टेंबरात एका संध्याकाळी ती कुडकुडत आली. आमच्या भागात माणूस कुडकुडला की हिवताप, दुसरं नाव आठवतच नाही. तिनं स्वतःच्याच बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. काही निघालं नाही. "पहिल्या दिवशी कधी कधी येत नाही," म्हणाली, आणि तापाची गोळी खाऊन दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेली. तिसऱ्याही दिवशी गेली.

मधे एकदा ती मला म्हणाली होती, "डाव्या बाजूले दूध साचलं आहे. दगड झाला." मी "अच्छा" म्हणालो. माझ्या हातात पेपर होता. आमच्या घरात गुडघ्याचं दुखणं मोठ्यानं सांगतात. छातीचं दुखणं नवऱ्यालाही अर्धंच सांगतात, आणि नवरा त्या अर्ध्यातलं अर्धं ऐकतो.

चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अजी, केस बांधून देता का? हात वर जाऊन नाही राहिला."

मी फाईल बांधतात तसे केस बांधले. बांधताना खांद्याला हात लागला. तवा. मग तिनं पदर बाजूला करून दाखवलं. डावी बाजू लाल, चकचकीत, आणि त्यात हाताला लागणारी एक गाठ.

मी गाठ हा शब्द मोठ्यानं उच्चारला. नको होता उच्चारायला. स्वयंपाकघरात मायच्या हातातली पळी थांबली. माझी धाकटी मावशी अशाच गाठीनं गेली होती.

गोंदिया

शाळेतल्या एका शिक्षकाच्या गाडीनं आम्ही गोंदियाला निघालो. मागे सुजाता, माय आणि मायच्या मांडीवर मैत्री. दोन्ही बाजूंना धान पोटरीत आलेलं. मायनं एकदाच तोंड उघडलं, "तुझ्या मावशीलेही अशीच..."

"माय, चूप बस."

सुजाता काचेतून बाहेर पाहत होती. वाटेत मैत्रीचा लंगोट तीनदा बदलावा लागला. पातळ, पाण्यासारखं. गाडी लागली असेल, मी म्हणालो. चार महिन्यांच्या लेकराला गाडी लागते असं म्हणणारा बाप मीच.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम वयानं आमच्याहून लहान. तपासता तपासता रागावल्या, "सिस्टर हो न आप? फिर चार दिन क्यों बैठी रहीं?"

सुजाता म्हणाली, "ड्युटी थी."

मॅडमनी हातमोजे काढले. मग माझ्याकडे वळल्या. "डरने की गांठ नहीं है. दूध जमा, उसमें पस हो गया. काटकर निकालना पड़ेगा. आज ही."

पू आहे हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी "थँक्यू मॅडम" म्हणालो. बायकोच्या अंगात पू झाला म्हणून आभार मानणारा नवरा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या मायच्या मांडीकडे पाहत होत्या. उठून आल्या, मैत्रीच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरली आणि सोडली. कातडी वर उभीच राहिली. हळूहळू खाली गेली.

"इसको दस्त कब से है?"

मैत्री रडत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी सकाळपासून तिला पाहत होतो. पण पाणी नाही, हे मला तेव्हा दिसलं.

तीन मजले

लेकरांचा वॉर्ड खाली, बायांचा तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट स्ट्रेचरसाठी. माय खाली मैत्रीपाशी, सुजाता वर एकटी, आणि मी जिन्यात. त्या नऊ दिवसांत माझा पत्ता कोणी विचारला असता तर मी 'जिना' सांगितला असता.

पहिल्या दिवशी मैत्रीच्या हाताला सलाईनची सुई होती. इवल्याशा हाताला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. तिला वर नेता येत नव्हतं. सुजाताचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आली, आणि पहिलं विचारलं, "तिनं लघवी केली का?" नर्सनंच विचारावा असा प्रश्न. मी खाली धावलो. नव्हती केली. वर येऊन म्हणालो, "केली." तासाभरानं खरंच केली. त्या तासात मी जे काही कबूल केलं असेल ते कोणाला सांगण्यासारखं नाही.

मॅडमनी बजावलं होतं, दुसऱ्या बाजूचं दूध चालू ठेवायचं, बाटली बंद, वाटी-चमच्यानं पाजायचं. मायला हे मान्य नव्हतं.

"अंगात पू झाला म्हणजे सारं दूध नासलं. मी नाही पाजू देणार."

"माय, डॉक्टरनं सांगितलं."

"डॉक्टरचं लेकरू नाही होय ते."

मी वर जाऊन हे सुजाताला सांगितलं. वाटलं, हसेल. तिनं छताकडे पाहत विचारलं, "तुम्हाले काय वाटते?" शेकडो बायांना ठणकावून सांगणारी ही बाई मला विचारत होती. मला, ज्यानं बूच जाळलं.

"मॅडम म्हणतात तसं," मी म्हणालो. यापेक्षा धीराचं वाक्य मला सुचलं नाही.

तिनं उजव्या हातानं दूध काढलं. वाटीच्या तळाला जेमतेम. त्यावर झाकण ठेवून मी तीन मजले उतरलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोणाचा तरी डबा माझ्या कोपराला लागला आणि अर्धं सांडलं. दोन चमचे असेल. दोन चमच्यांसाठी मोठा माणूस पायरीवर बसून रडू शकतो, हे मला माहीत नव्हतं. उरलेले दोन चमचे मी मायला नेऊन दिले. मायनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, वाटी घेतली आणि ते पोरीला पाजलं. आमच्या घरातला दूध नासण्याचा वाद असा मिटला.

तिसऱ्या दिवशी सुई निघाली आणि मैत्रीला वर न्यायची परवानगी मिळाली. बायांच्या वॉर्डाच्या दारावरच्या गार्डनं दोन दिवस ऑपरेशनची बाई म्हणून मला सोडलं होतं, आता अडवलं. "मर्द लोग चार से छह." मी खांद्यावरची मैत्री त्याला दाखवली. त्यानं वाट सोडली. मग दर दोन तासांनी हाच पास. वॉर्डातल्या बाया आधी पदर सावरायच्या. मग सवय झाली. "आले जी दूधवाले भाऊ," एखादी म्हणायची, आणि जिची ड्रेसिंग चालू असेल ती पडदा ओढायची.

पण मैत्री आईला ओढायला तयार नव्हती. तोंड लावायची, पाठीची कमान करायची आणि किंचाळायची. पाच वेळा नेली, पाचही वेळा तेच. सुजाताची उजवी बाजूही आता कमी येऊ लागली होती. मॅडम म्हणाल्या, बाळ ओढेल तरच दूध राहील. नाही ओढलं तर संपलं. मग पुन्हा गवळी, पुन्हा बाटली, पुन्हा मी आणि माझं गरम पाणी.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर शेवंताबाई होती. देवरीकडची, धानाच्या बांध्यांत मजुरी करणारी. पायात काटा मोडून पाय पिकला होता. तिचं नऊ महिन्यांचं लेकरू तिच्याच खाटेवर. वाटेल तेव्हा प्यायचं आणि वाटेल तेव्हा झोपायचं.

"तुमाले किती दिवसाची सुट्टी भेटली वं बाई?" तिनं सुजाताला विचारलं.

"सहा महिने. लेकरू व्हायच्या आधीच त्यातली लय संपली."

"सहा महिने! बाप्पा!" शेवंताबाई हसली. "आमाले तर सव्वा महिना. मंग एका घरचं काम, मंग धानाचा रोवणा लागला. लेकरू बांधीच्या धुऱ्यावर झाडाखाली निजवाचं. रडलं का हात धुवाचे, पाजाचं, का पुन्हा चिखलात."

"मालक काही म्हणत नाही?" मी मधेच विचारलं.

"म्हणते ना. म्हणू द्या. पाजून होईपर्यंत त्याचं बोलणंही होऊन जाते."

मला वाटलं, आता सुजाताला आपलं दुःख जरा लहान वाटेल. तसं काही झालं नाही. नंतर ती मला हळूच म्हणाली, "तिचं लेकरू तिच्यापाशी तर होतं."

सहाव्या खेपेला मैत्री पुन्हा किंचाळली. सुजातानं तिला माझ्याकडे परत दिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. शेवंताबाई कोपरावर उठली.

"तू नर्सबाई होय ना? मंग आमाले सांगतेस तसं कर ना! भुकेनं पेटल्यावर कायले लावतेस? अर्ध्या झोपेत लाव. तिचं झबलं काढ. उघड्या अंगाले उघडं अंग लागू दे. आमच्या गावची नर्सबाई हेच सांगते."

सुजाता भिंतीकडे पाहतच म्हणाली, "मीही हेच सांगते. गेल्या महिन्यात एकीले सांगितलं." मग वळली. "मलेच नाही आठवलं."

मैत्रीला झोप येईपर्यंत आम्ही थांबलो. माय वर आली. शेवंताबाईनं आपलं लुगडं दोन खाटांमधे आडवं धरलं आणि तिचं लेकरू माझ्याकडे देऊन मला बाहेर काढलं. व्हरांड्याच्या बाकावर त्या लेकरानं माझ्या पँटवर मनसोक्त मुतलं. मी हललो नाही. हललो असतो तर ते रडलं असतं, ते रडलं असतं तर मैत्री जागी झाली असती. ओल्या पँटीत बसून मी बंद दाराकडे पाहत होतो. आतून किंचाळी येईल म्हणून कान लावून होतो. पाच मिनिटं. दहा. किंचाळी आली नाही.

मग मायचा आवाज आला. ज्या आवाजात ती शेजारणीला भाजीचा भाव सांगते, त्याच आवाजात. "ओढून राहिली. गप बस, हलू नको."

ड्रेसिंग

सगळं तिथंच बरं झालं असं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण दुखण्याच्या गोष्टी सांगताना माणसं चांगल्या ठिकाणी थांबतात. जखम उघडी ठेवलेली होती, रोज आतली पट्टी काढून नवी भरायची. त्या वेळी सुजाता खाटेचा गज धरायची. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या, तुमचा हात मऊ आहे, चुरगळंल."

घरी आल्यावरही तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. डाव्या बाजूचं दूध आटलं ते आटलंच. उजवी एकटी पुरत नव्हती. वाटी-चमचा राहिला. पण आता आधी आई, मग वाटी. मायनं दुधात पाणी घालणं बंद केलं. कबूल मात्र अजून केलेलं नाही. पाजून पाजून सुजाता जिथं बसेल तिथं झोपायची. एकदा हातात पोळी धरून झोपली. घरात आम्ही तिघं एकमेकांवर खेकसायचो आणि मग तिघंही पोरीशी गोड बोलायचो. तिला वाटत असेल, ही माणसं स्वभावानं किती चांगली.

एजन्सीला फोन सुजातानंच केला. मी कागद घेऊन बसलो होतो, तिनं हातानंच गप केलं. "भाऊ, मी वीस दिवसांनी येते. डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे. दुसरी पोरगी लावायची तर लावा. पण लावताना तिले सांगा, लेकरू होऊ देऊ नको म्हणून."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "ठीक है मैडम. बीस दिन."

पगाराशिवाय, हे बोललं नाही तरी दोघांनाही समजलं होतं.

मी एवढ्या काळात नियम पुन्हा वाचले. त्यात असंही आहे की कामावर आलेल्या आईला लेकराला पाजायला दिवसातून दोनदा सुट्टी द्यावी. चांगला नियम आहे. फक्त लेकरू बारा किलोमीटरवर असतं, हे त्यात लिहिलेलं नाही. तो तुकडा मायनं जोडला. रोज दुपारी काळीपिवळी जीपमध्ये बसून मैत्रीला घेऊन ती केंद्रात जाऊ लागली. वय सत्तरीला टेकलेलं. रस्ता असा की धडधाकट माणसाचे दात हलावेत. केंद्राच्या डॉक्टरांनी इंजेक्शनची खोली अर्धा तास मोकळी करून दिली. दाराला कडी लावायला मी गेलो. लावली. सुजातानं आत जाऊन दार लोटलं आणि आतूनच म्हणाली, "अजी, कडी बाहेरून लागली."

हे सगळं वाचून कोणा नवऱ्याला उपयोग झालाच तर एवढाच व्हावा. बायको 'दगड झाला' म्हणाली तर पेपर खाली ठेवा. आणि रजा कधीपासून घ्यायची ते जिला घ्यायची आहे तिला ठरवू द्या.

नव्या तांदळाची पेज

ऑक्टोबरात मैत्री सहा महिन्यांची झाली. रविवार होता. लवकर येणारं हलकं धान निघालं होतं. मायनं नव्या तांदळाची पेज केली, वर तुपाचा थेंब. बुद्धवंदना झाली, शेजारपाजारची चारपाच माणसं आली. पहिला चमचा सुजातानं भरवला. मैत्रीनं तोंड वाकडं केलं, मग जिभेनं चाचपलं, मग दोन्ही हातांनी वाटी ओढली. सगळे हसले. दुसरा चमचा मायच्या हातचा, तिसराही. सुजातानं तिला घ्यायला हात पुढे केले तर मैत्रीनं मान वळवली आणि आजीच्या चमच्याकडे तोंड उघडून बसली. पुन्हा सगळे हसले. सुजाताही हसली आणि रिकामी वाटी घेऊन आत गेली.

मी मागे गेलो. ती वाटी धूत होती. स्वच्छ झालेली वाटी पुन्हा धूत होती.

"चला, सुटलीस आता," मी म्हणालो. "जखम भरली, पोरगी खायला लागली. दुपारची धावपळही कमी होईल. झालं सगळं."

तिनं नळ बंद केला.

"सुटली म्हणता. दोन महिने मी माहेरी बसली, तेव्हा पोरगी पोटात होती. मंग बाळंतीण झाली, तर रोज सकाळी उठून किती दिवस उरले ते मोजून राहिली. मंग ड्युटी. मंग दवाखाना. दिवस न मोजता नुसती तिच्यापाशी बसली, असा एक दिवस नाही गेला." तिनं वाटी ओट्यावर पालथी घातली. "त्या एका दिवसाची सुट्टी कोणत्या नियमात भेटते, अजी? पाहून सांगा. मी वाट पाहते."